सीएनसी मिलिंगचं हँडल: एका टिकचा हिशेब

कुपवाड, मिरज, पलूस किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये एखादं-दुसरं व्हीएमसी, म्हणजे संगणकाने (सीएनसी) चालणारं उभं मिलिंग मशीन, असणं आता विशेष राहिलेलं नाही. पंपाची केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, ब्रॅकेट असा बिडाचा माल त्यावर चालतो. मशीन प्रोग्रॅमवर चालतं हे खरं, पण जॉब, म्हणजे कापायचा नग, नेमका कुठे बसलाय हे आधी कुणीतरी मशीनला दाखवावं लागतं. ते दाखवायचं साधन म्हणजे वायरीला लटकणारं गोल चाक. शॉपमध्ये त्याला हँडल म्हणतात, मॅन्युअलमध्ये एमपीजी, म्हणजे मॅन्युअल पल्स जनरेटर. एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) मोडणं, टूल वाइसमध्ये (जॉब धरायच्या शिकंज्यात) घुसणं, सगळी भोकं सरळ दहा मिमी सरकून पडणं, या गोष्टींची सुरुवात बहुधा याच चाकावर हात असताना झालेली असते.

चाकाला जोर कळत नाही

जुन्या हातमिलिंगवर हँडल थेट स्क्रूला जोडलेलं असतं. कटर जॉबला लागला की हात जड होतो, गिब (सरकपट्टी) आवळली की कळतं, स्क्रूची ढिलाई फिरवतानाच जाणवते. इलेक्ट्रॉनिक हँडलमध्ये यातलं काहीच हाताला लागत नाही. ते टेबल ढकलत नाही. किती टिक (चाकाचा एकेक खटका म्हणजे एक टिक) फिरलं आणि कुठल्या बाजूला, एवढं मोजून तो आकडा कंट्रोलरला देतं. कंट्रोलर सर्व्होला (अक्ष चालवणाऱ्या मोटरला) सांगतो, इतकं पुढे जा. पुढे मोकळी हवा आहे, जॉब आहे की वाइसचा जबडा, हे सर्व्होला माहीत नसतं. तो लागेल तेवढा टॉर्क लावून सांगितलेल्या जागी जायला बघतो. ओव्हरलोडचा अलार्म येईपर्यंत इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलेलं असतं.

म्हणजे हातमिलिंगवर जे हाताला कळायचं, ते इथे डोळ्यांनी आणि सवयीने मिळवावं लागतं. पुढे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

चाकाच्या आत बारीक रेघांची चकती आणि त्या रेघा वाचणारे दोन सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सर एक चौकोनी लहर देतो, ए आणि बी. दोन्ही लहरी एकमेकींपासून पाव चक्राने मागे-पुढे ठेवलेल्या असतात. ए आधी चढली तर चाक एका बाजूला फिरतंय, बी आधी चढली तर उलट्या. एवढ्याच युक्तीवर कंट्रोलरला दिशा कळते. मशीनवरच्या चाकाला बहुतेक वेळा एका फेऱ्यात १०० टिक असतात आणि कडेला आकडे कोरलेले असतात. ते आकडे फक्त मोजणीच्या सोयीचे आहेत. हातमिलिंगच्या डायलसारखं त्यांचं टेबलाच्या जागेशी नातं नसतं. मोड दुसराच असताना चाक फिरलं तर टेबल हलत नाही, चाकावरचा शून्य मात्र भलतीकडे जातो. जागा विचारायची ती स्क्रीनला.

×१, ×१०, ×१००

पेंडंटवर (हे चाक बसवलेल्या हातातल्या डब्यावर) दोन सिलेक्टर असतात. एक अक्षाचा (ऑफ, एक्स, वाय, झेड, असला तर चौथा) आणि दुसरा गुणकाचा. मिमी मोडमध्ये ×१ वर एक टिक ०.००१ मिमी, ×१० वर ०.०१ आणि ×१०० वर ०.१ मिमी. पूर्ण फेऱ्याला अनुक्रमे ०.१, १ आणि १० मिमी. मशीन चुकून इंचात, म्हणजे जी २० मध्ये राहिलं असेल, तर ×१०० वर एक टिक ०.०१ इंच, म्हणजे ०.२५४ मिमी होते. टेबल नेहमीपेक्षा अडीच पट धावायला लागलं तर आधी हे तपासा.

×१०० वर चाक सेकंदाला पाच फेरे फिरवलं तर टेबल ५० मिमी प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला ३,००० मिमी या वेगाने जायला हवं. फानुक या कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये सेकंदाला पाच फेऱ्यांच्या आतच फिरवा असं स्पष्ट लिहिलंय. त्याहून जोरात फिरवलं, किंवा अक्षाच्या कमाल वेगापेक्षा जास्त पल्स पाठवले, तर दोनपैकी एक होतं. जास्तीचे पल्स गळून पडतात आणि चाकावरची मोजणी टेबलाशी जुळत नाही. नाहीतर ते साठून राहतात आणि चाक थांबवल्यावरही टेबल पुढे सरकत राहतं. किती साठवायचे हे फानुकमध्ये पॅरामीटर ७११७ ठरवतो. तिथे शून्य असेल तर जास्तीचे पल्स फेकले जातात. चाक थांबलं तरी झेड खाली येतोय, असा अनुभव ज्या मशीनवर येतो तिथे हा आकडा आधी बघावा.

दिशेचा घोळ नव्या पोरांचा हमखास होतो. एक्स प्लस केलं की टेबल डावीकडे जातं, वाय प्लस केलं की टेबल आपल्या अंगावर येतं. कारण प्लस-मायनस टूलच्या बाजूने ठरवलेले असतात. टेबल डावीकडे गेलं म्हणजे जॉबच्या हिशेबात टूल उजवीकडे गेलं. आयटीआयमध्ये हे शिकवतात, पण प्रत्यक्ष मशीनसमोर उभं राहिलं की डोळा टेबलाकडेच जातो. टेबल विसरून टूल जॉबवरून चालतंय असं बघायची सवय लावली की हा प्रश्न सुटतो.

यावरचा सगळ्यात स्वस्त विमा असा: सिलेक्टर बदलला की दर वेळी ×१० वर एकच टिक फिरवायची आणि स्क्रीनवर कुठला आकडा, कुठल्या बाजूला बदलला ते बघायचं. मगच पुढे जायचं. याला दोन सेकंद लागतात. झेड वर घ्यायचा म्हणून चाक जोरात फिरवलं आणि सिलेक्टर एक्सवरच होता, ही चूक याच दोन सेकंदांत पकडली जाते. झेड खाली आणताना ×१०० कुठपर्यंत वापरायचं यालाही साधी मर्यादा ठेवा. टूल आणि जॉबमध्ये साधारण २५ मिमी अंतर राहिलं की ×१०, आणि शेवटच्या अर्ध्या मिमीला ×१.

कड शोधणं

वाइसमध्ये धरलेला, कडा मशीन केलेला जॉब घेऊ. डावी कड एक्सचा शून्य, पुढची कड वायचा शून्य. एज फाइंडर स्प्रिंगचा, टोक १० मिमी व्यासाचं.

स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) ५०० ते ६०० आरपीएमवर फिरवा. याहून फार जास्त वेग दिला तर एज फाइंडरचं टोक सुटून उडू शकतं. टोक जॉबच्या डाव्या बाजूला, वरच्या पातळीपासून चार-पाच मिमी खाली आणा. टोक डगमगत फिरत असेल. ×१० वर एक्स प्लस करत जा, डगमग कमी होत जाईल. ती जवळजवळ संपली की ×१ घ्या आणि प्रत्येक टिकनंतर क्षणभर थांबा. टोक सरळ रेषेत येतं आणि पुढच्या एखाद्या टिकला झटकन बाजूला पळतं. तो झटका म्हणजे तुमचं रीडिंग. थोडं मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने घ्या. दोन्ही रीडिंगमध्ये पाच-सात मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर कडेला बर (धातूची उरलेली धार) आहे, चिप अडकलीय किंवा एज फाइंडरची स्प्रिंग थकलीय.

झटक्याच्या क्षणी स्पिंडलचं केंद्र कडेपासून पाच मिमी डावीकडे आहे. फानुकवर ऑफसेट, वर्क, जी ५४ या स्क्रीनवर (जॉबचा शून्य साठवायची जागा) जाऊन ‘एक्स-५.’ टाइप करा आणि मेजर दाबा. आकड्यानंतरचा टिंब विसरू नका. काही मशीनवर टिंबाशिवाय ५ म्हणजे पाच मायक्रॉन धरले जातात. उणे चिन्ह विसरलं तर शून्य पूर्ण दहा मिमी सरकतो. टोकाचा व्यास जितका, तितकीच ही चूक असते. म्हणून भोकं बरोबर दहा मिमीने गेली असतील तर प्रोग्रॅम उचकटायच्या आधी हे चिन्ह बघा. उजव्या कडेला शून्य घेतला तर आकडा अधिक पाच. पुढच्या कडेला वाय उणे पाच.

आकडा भरून झाल्यावर आधी झेड वर, मग बाकी काही. टोक जॉबला टेकलेलं असताना एक्स चुकीच्या बाजूला फिरवला की एज फाइंडर संपला.

शून्य जॉबच्या मध्यावर हवा असेल तर टोकाचा व्यास माहीत असायचीही गरज नाही. डाव्या कडेला झटका घ्या, रिलेटिव्ह एक्स शून्य करा, झेड उचला, उजव्या कडेला जाऊन पुन्हा झटका घ्या. समजा स्क्रीनवर १६०.४२० आलं. त्याचा निम्मा, ८०.२१०, हा मध्य. १० मिमीचं टोक दोन्हीकडे सारखंच मोजलं गेल्यामुळे निम्म्यात ते आपोआप निघून जातं.

या पद्धतीत एक खोच आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. डावी कड आपण प्लस दिशेने पकडली, उजवी मायनस दिशेने. म्हणजे अक्षात जी काही ढिलाई आहे ती पूर्णपणे या मापात शिरते. ढिलाई ०.०२ मिमी असेल तर रुंदी ०.०२ ने कमी दिसते आणि मध्य ०.०१ मिमीने चुकतो, मग मध्यावर डावीकडून या की उजवीकडून. ड्रॉइंगवर ±०.१ असेल तर विचार करू नका. पण बेअरिंगच्या बोअरशी (गोल भोकाशी) समकेंद्री काहीतरी करायचं असेल तर बोअरला डायल (काट्याचं मापयंत्र) लावूनच मध्य काढा.

बिडाचा कच्चा माल

वरची सगळी पद्धत मशीन केलेल्या कडेसाठी आहे. आपल्याकडे येतं ते बऱ्याचदा फाउंड्रीतून थेट आलेलं कास्टिंग. त्याला पार्टिंग लाइनचा (साच्याचे दोन भाग जुळतात तिथला) उंचवटा असतो, पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना उतार असतो, कुठे वाळू चिकटलेली असते. अशा कडेला एज फाइंडरने मायक्रॉन मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं. शिवाय कठीण सालीवर टोक घासून खराब होतं.

इथे काम मध्य शोधण्याचं नसून माल वाटण्याचं असतं. आधी पार्टिंग लाइनचा उंचवटा फाइलने किंवा ग्राइंडरने उतरवून घ्या. मग स्पिंडलमध्ये टोकदार पॉइंटर किंवा जुना गोल पिन धरा, स्पिंडल बंद ठेवा आणि ×१० वर चालत ज्या-ज्या जागी पुढे कटिंग होणार आहे तिथली रीडिंग लिहून काढा. बोअरच्या चार बाजू, फ्लँजच्या दोन कडा, बॉसचा मध्य. कोअरचं (साच्यात ठेवलेल्या गाभ्याचं) भोक एका बाजूला दीड मिमी सरकलेलं असेल तर बोअरच्या मध्यावर शून्य घेतला की बाहेरच्या फ्लँजला एका बाजूने साल राहू शकते. शून्य अशा जागी धरायचा की सगळीकडे कटरला निदान एक-दीड मिमी माल मिळेल. हे रीडिंग कागदावर मांडल्याशिवाय डोक्यात जमत नाही. पहिल्या कास्टिंगला दहा-पंधरा मिनिटं जातात. त्याच पॅटर्नचे पुढचे नग फिक्स्चरवर बसवून एकाच जागी तपासता येतात. पण फाउंड्रीने पॅटर्न दुरुस्त केला किंवा कोअर बॉक्स बदलला की हिशेब पुन्हा मांडायचा.

बोअरचा मध्य डायलने

स्पिंडलला लिव्हर डायल लावा, स्पिंडल न्यूट्रलला घ्या म्हणजे हाताने फिरेल. डायलचं टोक बोअरच्या भिंतीला टेकवा. एक्सच्या दोन्ही बाजूंचं रीडिंग घ्या. समजा उजवीकडे ०.०६ आणि डावीकडे ०.१४. फरक ०.०८, म्हणजे सरकायचं ०.०४. ×१० वर चार टिक.

कुठल्या बाजूला सरकायचं यावर डोकं खाजवू नका. दोन्ही रीडिंगचा मध्य ०.१० आहे. डायल एका बाजूला टेकलेलं ठेवूनच काटा ०.१० वर येईपर्यंत टिक द्या. काटा दूर जायला लागला तर दिशा चुकली, उलट फिरवा. एक्स जुळला की वाय, आणि वाय जुळल्यावर पुन्हा एकदा एक्स. पहिल्या फेरीला वाय फार लांब असेल तर एक्सचं रीडिंग बोअरच्या खऱ्या व्यासावर पडलेलं नसतं, म्हणून ही दुसरी फेरी लागते. डायल प्रत्यक्ष भिंत मोजतं, त्यामुळे अक्षाची ढिलाई इथे फसवू शकत नाही. शेवटी जिथे काटे जुळले, तिथून टेबल न हलवता शून्य भरा.

झेड: वरून येऊ नका

टूलची उंची घेताना बहुतेक जण जॉबवर गेज ठेवतात आणि टूल त्यावर खाली आणतात. एक टिक जास्त झाली की कार्बाइडचं टोक उडतं किंवा गेजला खड्डा पडतो. उलट करा. स्पिंडल बंद. १० मिमीचा डॉवेल पिन बाजूला ठेवा आणि टूल जॉबच्या पृष्ठापासून साधारण साडेनऊ मिमीवर आणा, म्हणजे पिन खाली जाणार नाही इतकं. आता पिन टूलला लावून हलका रेटा देत ×१० वर टूल वर घ्यायला लागा. एका टिकला पिन टूलखालून गडगडत पलीकडे जाईल. पुन्हा दोन-तीन टिक खाली (पिन बाहेर काढून) आणि या वेळी ×१ वर वर या. जिथे पिन जेमतेम गेला तिथे ‘झेड १०.’ भरा. ऑफसेटच्या टेबलमध्ये कुठल्या टूलच्या ओळीत भरताय ते दोनदा वाचा.

कागद लावून टच घेण्याची पद्धत जुनी आहे. रफ कामाला चालते. साधा ऑफिसचा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, पण कूलंटने ओला झाला की तो भरवसा राहत नाही.

हँडलने कटिंग?

थोडं फेसिंग हँडलनेच मारून घेऊ, असं पुष्कळ जण करतात. हिशेब करून बघा. ५० मिमीचा पाच इन्सर्टचा फेस मिल, ६०० आरपीएम, दातामागे ०.१ मिमी फीड. मिनिटाला ३०० मिमी फीड झाला. ×१० वर त्यासाठी चाक मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला पाच फेरे सतत फिरवावं लागेल. हात तेवढा टिकत नाही. ×१०० वर सेकंदाला अर्धा फेरा पुरे, पण मग टेबल सेकंदाला ०.१ मिमीच्या पन्नास उड्या मारत चालतं आणि हात थांबला की कटर एकाच जागी घासतो. पृष्ठावर पट्टे दिसतात ते त्याचेच. असं काम जॉग मोडमध्ये घ्या, फीड ओव्हरराइड हाताशी ठेवा, नाहीतर एमडीआयमध्ये (ओळ हाताने टाइप करून चालवायचा मोड) एका ओळीचा जी ०१ (सरळ रेषेत कटिंगचा कोड) टाका. हँडल हे जागेवर आणण्याचं साधन आहे.

टिक दिली, टेबल हललं का?

स्क्रीनवरचा आकडा बहुतेक मशीनवर मोटरच्या एन्कोडरवरून येतो. टेबलाला काचेची स्केल नसेल तर मोटर फिरली एवढंच स्क्रीन सांगते. मोटर आणि टेबल यांच्यामध्ये कपलिंग, बेअरिंग, बॉलस्क्रू आणि नट आहेत. यातली ढिलाई हँडलनेच मोजता येते.

स्पिंडलच्या हेडला मॅग्नेटिक स्टँड लावा, डायल टेबलावरच्या ग्राइंड केलेल्या ठोकळ्याला टेकवा. प्लस दिशेने काटा निदान ०.१ मिमी सरकेपर्यंत चाला, डायल शून्य करा. ×१ वर उलट फिरवा आणि काटा हलेपर्यंत टिक मोजा. जितक्या टिक वाया गेल्या तितके मायक्रॉन ढिलाई. दहाच्या आत असेल तर सर्वसाधारण कामाला पुरतं. वीस-तीस जात असतील तर फानुकवर पॅरामीटर १८५१ मध्ये बॅकलॅश, म्हणजे ही ढिलाई, भरता येतो. पण आधी मेंटेनन्सवाल्याकडून बॉलस्क्रूचं बेअरिंग आणि नट तपासून घ्या. ढिला नट आकडा भरून घट्ट होत नाही. कटिंगचा जोर आला की टेबल तितकंच हलतं. टेबलाच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना मोजलंत तर झीज कुठे आहे तेही दिसेल.

दुसरी गोष्ट बॉक्स वे (सपाट पृष्ठावर घसरणारे मार्ग) असलेल्या मशीनवर जास्त दिसते. ×१ वर तीन-चार टिक दिल्या तरी डायल ढिम्म, आणि मग एकदम चार-पाच मायक्रॉनची उडी. ही ढिलाई नाही. थांबलेल्या टेबलाचं घर्षण चालत्या टेबलापेक्षा जास्त असतं, म्हणून सर्व्हो आधी ताण साठवतो आणि मग टेबल सुटतं. रात्रभर बंद राहिलेल्या मशीनवर सकाळी हे जास्त जाणवतं. वे ऑइलचे एक-दोन स्ट्रोक द्या, टेबल तीन-चार वेळा पूर्ण लांबीभर फिरवा, मग सेटिंगला हात घाला. आणि शेवटची जागा नेहमी एकाच दिशेने घ्या. पुढे गेलात तर एक-दोन टिक मागे न येता चांगलं पाव मिमी मागे जा आणि पुन्हा या.

प्रोग्रॅमच्या मध्येच हँडल

फीड होल्ड (चालू प्रोग्रॅम थांबवायचं बटण) दाबला, इन्सर्ट बघायला हँडलने टूल बाजूला घेतलं, परत सायकल स्टार्ट. इथे मॅन्युअल ॲबसोल्यूट चालू की बंद, यावर सगळं अवलंबून असतं. चालू असेल तर हँडलने केलेली हालचाल कंट्रोलरने हिशेबात धरलेली असते. पुढचा ॲबसोल्यूट ब्लॉक (शून्यापासून मोजलेली जागा सांगणारी ओळ) बरोबर जागी संपतो, पण टूल जिथे सोडलंत तिथून सरळ रेषेत तिकडे जातं, आणि त्या रेषेत क्लॅम्प असला तर क्लॅम्प. बंद असेल तर हँडलने जितकं हलवलं तितका सगळा पुढचा प्रोग्रॅम सरकतो. दोन्ही टाळायचं तर फीड होल्डनंतर स्क्रीनवरचे तिन्ही आकडे खडूने मशीनच्या पत्र्यावर लिहा, फक्त झेड वर घ्या, आणि काम झाल्यावर आकडे जुळवून त्याच जागी परत या.

हँडल इंटरप्ट नावाची सोय यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात ऑटो चालू असतानाच हँडलची हालचाल प्रोग्रॅमवर चढवली जाते. कामाची आहे, पण चढवलेला आकडा तसाच राहिला तर पुढचा जॉब बाद. याउलट काही फानुक मशीनवर मिळणारं हँडल रिट्रेस पहिल्या नगाला फार सोयीचं. चाक फिरवाल तितकाच प्रोग्रॅम पुढे जातो, उलट फिरवाल तर मागे येतो. हा ऑप्शन असतो. तो घेतलेला नसेल तर सिंगल ब्लॉक आणि रॅपिड ओव्हरराइड कमीत कमी, हाच मार्ग.

जुन्या मिलिंगला नवं हँडल

हातमिलिंगला मोटर लावून मॅक ३ किंवा लिनक्स सीएनसी या संगणकावरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालवणारेही आहेत. तिथे पहिली चूक मोजणीची होते. लिनक्स सीएनसी ए-बी लहरीचा प्रत्येक चढउतार मोजतं, म्हणजे एका टिकला चार. एका टिकला ०.०१ मिमी हवं असेल तर स्केल ०.००२५ द्यावी लागते. ०.०१ टाकली तर टेबल चौपट पळतं.

दुसरा निर्णय पोझिशन मोड की व्हेलॉसिटी मोड हा. पोझिशनमध्ये दिलेली प्रत्येक टिक पूर्ण होते, पण चाक जोरात फिरवलं तर हात थांबल्यावरही अक्ष चालत राहतो. व्हेलॉसिटीमध्ये चाक थांबलं की अक्ष थांबतो, मधल्या काही टिक मात्र बुडतात. लिनक्स सीएनसीमध्ये जॉग-व्हेल-मोड या पिनने हे ठरतं. ×१ आणि ×१० ला पोझिशन, ×१०० ला व्हेलॉसिटी, अशी विभागणी ठेवलेली बरी. लांब पल्ल्याला टिकचा हिशेब कुणी ठेवत नाही, थांबणं महत्त्वाचं.

चाक विकत घेताना व्होल्टेज आणि आउटपुट दोन्ही विचारा. ५ व्होल्टच्या कंट्रोलरला २४ व्होल्टचं चाक जोडलं तर इनपुट जळू शकतो. चार टर्मिनलचं चाक म्हणजे ०, ५ व्होल्ट, ए, बी. सहा टर्मिनलच्या चाकात ए आणि बीच्या उलट लहरीही असतात. कंट्रोलरला चारच हव्या असतील तर उरलेल्या दोन वायरी मोकळ्या ठेवून टेप करा. त्या अर्थिंगला जोडू नका, आतला ड्रायव्हर शॉर्ट होतो.

केबल लांब झाली की ५ व्होल्ट टिकत नाहीत. ०.१४ चौ. मिमीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.१२५ ओहम. १० मीटर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे अडीच ओहम. चाकाने ०.१ अँपिअर घेतला तर ०.२५ व्होल्ट वाटेतच गेले आणि पोहोचले ४.७५. इथून खाली पल्स सुटायला लागतात. पुरवठ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारा जोडीने वापरल्या की हा तोटा निम्मा होतो. केबल शील्डची घ्या, शील्ड कंट्रोल पॅनलच्या बाजूलाच अर्थ करा, आणि स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरींपासून लांब न्या. एकाच शेडमध्ये वेल्डिंगही चालतं अशा ठिकाणी हे मुद्दाम पाळा.

बिघाड ओळखताना

अजिबात हालचाल नाही: मोड हँडल आहे का, पेंडंटच्या बाजूचं एनेबल बटण दाबलंय का, मशीन लॉक चालू आहे का, या क्रमाने बघा. फानुकवर पीएमसीच्या (स्विचचे सिग्नल वाचणाऱ्या भागाच्या) स्टेटस स्क्रीनमध्ये जी १८ या सिग्नलचे (हा प्रोग्रॅममधला जी-कोड नव्हे) पहिले चार बिट पहिल्या हँडलची अक्षनिवड दाखवतात आणि जी १९ चे बिट ४ व ५ गुणक. सिलेक्टर फिरवल्यावर बिट बदलत नसतील तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत आहे. बिट बदलतात, तरी ×१०० वर टेबल मुंगीच्या गतीने जातंय, तर पॅरामीटर ७११३ मधला गुणक बघा. तिथे १०० अपेक्षित आहे.

अक्ष जागीच थरथरतो, एक पुढे एक मागे: ए किंवा बीपैकी एक लहर तुटलीय. गुंडाळीच्या केबलची तार बहुधा पेंडंटमध्ये शिरते तिथेच तुटते.

टिक कमी-जास्त लागतात: चाकाला आणि चौकटीला खुणा करा, ×१० वर दहा पूर्ण फेरे सावकाश द्या. स्क्रीनवर १०.००० यायला हवं, आणि उलट दहा फेऱ्यांनी ०.०००. जाताना-येताना वेगवेगळा फरक पडला तर व्होल्टेज किंवा नॉइज. चाकाला हात न लावता आकडा हलत असेल तर नॉइजच. काम झाल्यावर सिलेक्टर ऑफवर ठेवायची सवय इथेही उपयोगी पडते.

वायरलेस पेंडंटचं लाल बटण मशीनच्या इमर्जन्सी सर्किटमध्ये बसलेलं आहे की नुसता रेडिओ सिग्नल पाठवतं, हे विकणाऱ्याला लेखी विचारा. नुसता सिग्नल असेल तर बॅटरी उतरल्यावर ते बटण शोभेचं. मशीनवरचं वायरीचं इमर्जन्सी बटण हाताच्या पल्ल्यात असेल अशाच जागी उभं राहून असं पेंडंट वापरा.

पेंडंटच्या मागचं चुंबक बिडाचा बारीक चुरा ओढून घेतं. तो चुरा कूलंटबरोबर सिलेक्टरच्या दांड्याभोवतीच्या फटीतून आत जातो आणि संपर्क खराब करतो. मग एक्स निवडलेला असताना मध्येच अक्ष सुटतो. आठवड्यातून एकदा फडक्याने पुसा. एअरगन मारू नका, हवेने चुरा आणखी आत जातो.